चढता भार

सूर्यमाळच्या त्या पाड्यावर चौदा घरं होती आणि चौदाही घरांना एक आकडा पाठ होता. स्वतःच्या पोराचं वय विचारलं तर माणूस आभाळाकडं बघे आणि "भात झोडायच्या टायमाला झालं" असं काहीतरी सांगे. पण पुंजा गुरुजींच्या लेकीचं, लाडकीचं वजन विचारलं तर शेंबडं पोरही सांगे. अठ्ठ्याऐंशी किलो, गेल्या चैत्रातलं. त्याच्या आदल्या साली एक्याऐंशी. त्याच्याही आदल्या साली त्र्याहत्तर.

गुरुजींना याची खंत होती. त्यांच्या शाळेत सतराचा पाढा धड म्हणेल असं एक पोर नव्हतं. पण सतराच्या पाढ्याला गूळ लागलेला नव्हता, आणि ह्या आकड्याला होता.

गूळ होता धोंडीबाईच्या नवसाचा. धोंडीबाई म्हणजे गुरुजींची आई. ब्याण्णव साली, वावर-वांगणीकडं उपासमारीनं पोरं गेली त्या पावसाळ्यात, तिच्या मांडीवर दोन नातवंडं गेली, एक भाद्रपदात आणि एक पंधरा दिवसांनी. पेपरवाले वावरला गेले, साहेबलोक वावरला गेले. ह्या पाड्यावर कुणी आलं नाही, म्हणून ती दोन कुठल्याच यादीत चढली नाहीत. धोंडीबाईनं त्यांची यादी आपल्यापाशी ठेवली. पुढच्या चैत्रात सून नीता बाळंत झाली ती मूठभर पोरीला घेऊन. सुईणीनं पोर बघून तोंड फिरवलं. तेव्हा धोंडीबाई उठली, वरल्या अंगाला जांभळाखाली गावदेवीचं ठाणं आहे तिथं गेली आणि बोलली, "पोर जगली तर दर चैत्रात तिच्या भाराइतका गूळ वाहीन. आणि भार दरसाल चढता ठेवीन. घटू देणार नाही."

पहिला अर्धा नवस कुणीही बोलतं. दुसरा अर्धा धोंडीबाईचा स्वतःचा. घाबरलेलं माणूस देवाशी सौदा करताना एखादं कलम जास्तीचं घालतंच.

पोर जगली. मग दर चैत्री पुनवेला जांभळाच्या आडव्या फांदीला लाकडी दांडी टांगू लागले, दांडीच्या दोन टोकांना दोरावर दोन फळ्या. जव्हारहून गुळाच्या दहा-दहा किलोंच्या ढेपा एसटीच्या टपावर येत. एका फळीवर आधी गेल्या सालचा गूळ, मोजून. मग दुसऱ्या फळीवर लाडकी. ती बसली की तिची फळी खाली टेके, आणि गुळाच्या फळीवर किलोकिलोच्या भेल्या चढवत ढवळू भगत दांडी समेवर आणी. ह्या वरच्या भेल्यांना सगळे 'चढ' म्हणत. देवीला दाखवून झाल्यावर गूळ घरोघर जाई, आणि चढाचा गूळ ज्याचं पोर त्या साली किडकिडीत असेल त्याला. शिवाय लाडकी फळीवर असतानाच बाया आपापली बारकी पोरं तिच्या मांडीत ठेवत, तिचा भार पोरात उतरावा म्हणून. एका साली मांडीत सहा पोरं होती. लाडकी तेव्हा नऊ वर्षांची, खदाखदा हसत होती. बाराव्या वर्षी ती हसायची थांबली, पण ते कुणी मोजलं नाही.

दोन हजार सहा सालच्या मार्गशीर्षात बायांच्या ध्यानात एक गोष्ट आली. सूर्यमाळात पाणी कुणाच्या घरात किती येतं आणि किती जातं हे बायांपासून लपत नाही. "गुरुजींची लाडकी एकटी कळशी पिते," गौरा म्हणाली. गौरा शेजारच्या घरातली, वीस-एकवीस वर्षांची. नवरा वसईकडं वीटभट्टीवर. "पिते आणि लगेच बाहेर जाते. परत येते आणि परत पिते. पोरीच्या पोटात खड्डा हाय का काय?"

गुरुजींनी तोवर बऱ्याच गोष्टी नजरेआड केल्या होत्या. लाडकी दोन पायऱ्या चढून दम खात होती. मानेवर काळी मखमल चढावी तसा पट्टा आला होता. दिवाळीपासून ती खोडाळ्याच्या शाळेला जात नव्हती, कारण जीपवाला तिला दोन माणसं मोजायचा आणि मागची पोरं टाळ्या वाजवायची. हे सगळं बाजूला ठेवता येत होतं. पण सूर्यमाळात जास्त पाणी पिणं बाजूला ठेवता येत नाही. ते तिला घेऊन जव्हारला गेले.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई बारीक अंगाच्या, चष्म्यातून वर बघणाऱ्या. "वय?"

"चैत्रात चौदा पुरी होतील."

"वजन?"

"एकोणनव्वद," गुरुजी म्हणाले, आणि सवयीनं त्यांच्या आवाजात थोडा अभिमान आला. बाईंनी पेन थांबवलं.

रक्त घेतलं. दुपारी कागद आला. साखर तीनशे दहा.

"गुरुजी, पलीकडच्या खोलीत सात पोरं आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांच्या आयांना मी रोज सांगते, वजन वाढवा, वजन वाढवा. इथं आल्यापासून पहिल्यांदा कुणाला उलटं सांगतेय. तेव्हा नीट ऐका. हिला उपाशी ठेवायचं नाही. घरात सगळ्यांनी एकच जेवायचं, हिच्या ताटात वेगळं काही नको. गूळ, साखर, बिस्किटं बंद. रोज चालायचं. ह्या गोळ्या. वैशाखात परत तपासू. साखर उतरली तर गोळ्यांवर भागेल. नाही उतरली तर रोज सुई."

"किती दिवस?"

"दिवस नाही. कायमची. आणि ते औषध गार ठेवावं लागतं."

गुरुजींच्या डोळ्यांपुढून आपलं घर फिरलं. सूर्यमाळात वीज गेली की आठ-आठ दिवस परतत नाही. घरात गार असा एकच माठ, आणि चैत्रात तोही कोरडा.

"आणि नाहीच केलं काही तर?" त्यांनी हळू विचारलं.

"डोळे," बाई म्हणाल्या. "मूत्रपिंडं. पाय."

लाडकी शेजारीच बसली होती, हे दोघांच्याही मागाहून लक्षात आलं.

घरी धोंडीबाईनं सगळं ऐकून घेतलं. तांदूळ निवडत होती, हात थांबवला नाही. "डॉक्टरीण जव्हारची. तिला काय ठावं इथं पोरं कशानं मरतात? पोरं वाळून मरतात पुंज्या. जाड होऊन मेलेलं पोर मी जन्मात बघितलं नाय. तू बघितलंस?"

गुरुजींनी बघितलं नव्हतं.

मग त्यांनी मास्तर करतो ते केलं. भिंतीवर तक्ता लावला. दर सोमवारी लाडकीला रेशन दुकानाच्या काट्यावर उभं करू लागले, रांगेतल्या माणसांसमोर, कारण काटा रांगेच्या दिवशीच उघडा असे. सकाळी अंगणात स्वतः तिच्या पाठीमागं उभं राहून कवायत. भाकर अर्धी. पहिल्या सोमवारी रांगेतून कुणीतरी म्हणालं, "गुरुजी, गहू आलाय का नवा?" माणसं हसली. लाडकी काट्यावरून उतरली नाही, खाली बघत तशीच उभी राहिली, जसं काही तिला कुणी उतर म्हटल्याशिवाय उतरायची मुभा नव्हती.

पंधरा दिवसांत ती दोन किलो वाढली.

गुरुजींनी घर धुंडाळलं. गूळ नागलीच्या कणगीत निघाला, गोधडीच्या घडीत निघाला, देवाच्या डब्यात, चुलीमागच्या कोनाड्यात, अगदी त्यांच्याच जुन्या हजेरीबुकांच्या गठ्ठ्यामागं निघाला. सात जागा सापडल्या. आठवी म्हणजे धोंडीबाईच्या कमरेचा बटवा, तिथं हात घालायची हिंमत कुणाची नव्हती.

"तू खाल्लास?" त्यांनी लाडकीला विचारलं.

"खाल्ला."

"माहीत असताना?"

"तुम्ही अर्धी भाकर देता, आजी गूळ देते," लाडकी म्हणाली. "तुम्ही दोघं मला मोजता. मी कुणाकडनं मोजून घेऊ ते तरी ठरवा."

नीता चुलीपाशी होती. ती फार बोलणारी बाई नव्हे, त्यामुळं बोलली की घर ऐकत असे. "शाळेत तुम्ही पोरांवर हात उचलत नाही. घरात आकड्यानं का मारता?" तिनं उठून तक्ता काढला आणि चुलीत घातला. त्या दिवसापासून सगळ्यांना एकच ताट झालं. नागलीची भाकर, उडदाची आमटी, रानातली नाहीतर परड्यातली भाजी, पोटभर. चहात साखर कुणालाच नाही. गुरुजींना पहिले आठ दिवस वर्गात डुलक्या आल्या. धोंडीबाईनं चहाच सोडला.

चालणं मात्र होईना. लाडकी बापाबरोबर चालायला तयार नव्हती. रस्त्यानं गेलं की माणसं गाल ओढायची, "देवीची पोर वाळली की गो" म्हणायची. अखेर पौषात गौरा दारात आली, काखेत अकरा महिन्यांचा पोश्या, डोक्यावर रिकामा हंडा. "गुरुजी, पोरगी माझ्याबरोबर द्या पाण्यापुरती. हंडा नको. पोर धरंल. दोन्ही माझ्याच्यानं होत नाय."

धोंडीबाई उंबऱ्यात आडवी झाली. "देवीची पोर पाण्याला? तेरा सालं मी तिला कळशीला हात लावू दिला नाय."

"कळशीला नाय लावणार आये," गौरा म्हणाली. "माझ्या पोराला लावंल. त्याला तर तुम्हीच तिच्या मांडीत ठेवायला सांगता."

खालच्या झऱ्याची वाट अर्ध्या तासाची, जाताना सगळा उतार आणि येताना सगळा चढ. पहिल्या दिवशी चढताना लाडकी अकरा वेळा बसली. बायांनी मोजलं. पाड्यावर काहीही झालं तरी बाया मोजतात. दुसरा विरंगुळा नाही. "आज नऊ बसण्या." "आज परत दहा, ऊन होतं." माघ लागता लागता सहा झाल्या, सरता सरता चार. बाया तिला हसायच्या, पण ते हसणं रेशनच्या रांगेतलं नव्हतं. सगळ्याच धापा टाकत असल्या की हसण्यात धार राहत नाही. एक दिवस तिनं पोश्याला पाठीशी बांधून कळशी मागितली. गौरानं चुंबळ करून कळशी तिच्या डोक्यावर ठेवली.

गुरुजी आता तिला काट्यावर नेत ते दुकान बंद असताना, चावी मागून. त्र्याऐंशी. ब्याऐंशी. आकडा बघून ते काही बोलत नसत, घरी येऊन गोठ्यातल्या गायीच्या पाठीवर थोपटत. पाडाही बघत होता. ढवळू भगत त्यांना ठाण्यापाशी गाठून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही शिकलेले. मला एवढं सांगा, पोरीला वाळवून चढ कुठनं आणणार?"

"भगत, तिला आजार आहे."

"असंल. पण चढाचा गूळ खाऊन तीन पोरं उभी राहिली पाड्यावर. तीही लिहा तुमच्या कागदात."

ती खरंच उभी राहिली होती. गुळानं की नशिबानं, ते गुरुजींना छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं.

फाल्गुनाच्या सुरवातीला करवंदीचा काटा लाडकीच्या चपलेतून आरपार गेला. इतर बायांच्या पायात असे काटे रोज मोडतात. तिनं सांगितलं नाही. आठ दिवसांनी टाच सुजून जांभळी झाली तेव्हा कळलं. गुरुजींनी तिला पाठीवर घ्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग दोघा गड्यांनी खाटेवरून रस्त्यापर्यंत आणली. धोंडीबाई खाटेमागं चालत आली.

डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली. साखर दोनशे पंधरावर आली होती. "उतरतेय, पण पुरती नाही. आणि आता तीन आठवडे पाय टेकायचा नाही. खाणं सांभाळा. आता सुटलात तर सगळं परत वर जाईल."

जव्हारच्या एसटी स्टँडवर मोखाड्याच्या गाडीची वाट बघत बापलेक बसले. समोर वडे तळत होते. वास येत होता, दोघंही तिकडं बघत नव्हते.

"बाबा, पाय कापतात का?"

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही. पट्टीच्या खोलीत एक म्हातारा होता. त्याला नव्हता."

"तुझा नाही कापणार," गुरुजी म्हणाले. तपासणीला साहेब आला की ते "सगळी पोरं हजर" म्हणत, त्याच आवाजात. लाडकी त्यांच्याच शाळेत शिकलेली. तिला तो आवाज ओळखीचा होता.

तीन आठवडे ती ओटीवर बसून राहिली. गौरा पाण्याला जाताना पोश्याला तिच्याजवळ ठेवून जाई. एके दिवशी लाडकी म्हणाली, "बाबा, हा वाढत नाहीये. पौषात उचलत होते तेवढाच आहे. हाताला कळतं ना. मी जड झाले की सगळ्यांना कळतं, हा नाही झाला तर कुणालाच कळत नाही."

गुरुजी हो म्हणाले आणि विसरले. त्यांच्या डोक्यात चैत्री पुनव होती. लाडकी एकोणऐंशीवर आली होती. डॉक्टरीणबाईंच्या हिशेबानं ती कमाई होती. देवीच्या हिशेबानं नऊ किलोंचा तुटवडा.

पुनवेच्या चार दिवस आधी धोंडीबाईनं त्यांना बोलावून घेतलं. "गूळ आला?"

"आला. आठ ढेपा, आठ भेल्या. अठ्ठ्याऐंशी."

"आणि वरचा?"

गुरुजी ढेपांवरचं फडकं नीट करू लागले.

"पुंज्या, मी भांडणार नाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त घाबरले. "पोरीची फळी वर राहिली तर त्या दिवसापासून माझं अन्न बंद. दोन मी बघितली जाताना. तिसरी बघायला मी बसायची नाय. देवीनं तिच्या बदली मला न्यावं. म्हातारं हाड हाय, पण भार भरंल थोडाफार."

ती करील हे त्यांना ठाऊक होतं. धोंडीबाई बोलून मागं फिरल्याचं पाड्यावर एकाही माणसाला आठवत नव्हतं. आणि आजीनं अन्न सोडलं की नात आजीसाठी गूळ खाईल, हेही ठाऊक होतं. मग वैशाख, मग सुई, मग तो पट्टीच्या खोलीतला म्हातारा. पुंजा गुरुजी दोन दिवस सगळीकडून फिरून त्याच जागी येत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी शाळेतलं खिचडीच्या तांदळाचं रिकामं पोतं उचललं. वीस वर्षांत शाळेचा खडूसुद्धा घरी न नेलेला माणूस. पोतं कापून चार लांबट पिशव्या केल्या आणि ओहोळातली वाळू मोजून भरली. नऊ किलो.

"परकराच्या आतून शिवून दे," ते नीताला म्हणाले.

नीतानं पिशवी हातात घेऊन तोलली, परत दिली. "चार महिने तिला हलकी करायला घातले. जड दिसायला मी शिवणार नाही."

मग त्यांनी स्वतःच शिवलं, चांभार चप्पल शिवतो तसं. लाडकी बघत होती.

"एवढ्या एका सालापुरतं," ते म्हणाले.

"आणि पुढल्या साली?"

"पुढल्या साली बघू."

"पुढल्या साली जास्त वाळू," लाडकी म्हणाली. पण परकर तिनं घेतला.

पुनवेला सकाळीच चौदा घरं जांभळाखाली जमली. ढेपा फळीवर चढल्या, मग भेल्या. गुळाची फळी जमिनीला टेकली. लाडकी हळूहळू आली, टाच जपत. गुरुजींना तिच्या चालीत वाळू दिसली नाही. त्यांनी स्वतःला समजावलं की चांगली बसली असेल. ती त्यांच्याजवळून गेली तेव्हा हळूच म्हणाली, "बाबा, वाळू घरी ठेवली."

आणि जाऊन फळीवर बसली.

फळी खाली गेली नाही. दांडी करकरली, एकदा हलली आणि लाडकी पाय सोडून हवेतच राहिली. चौदा वर्षांत पाड्यानं तिला अशी अधांतरी कधी बघितली नव्हती. ढवळूनं दांडीला हात लावून बघितला, अडकली असेल तर. अडकली नव्हती.

धोंडीबाई देवीसमोर उभी होती. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं आणि डोळे मिटले. गुरुजींच्या मनात आलं, आता काहीतरी बोलायला पाहिजे, आजाराचं, साखरेचं, डॉक्टरीणबाईंचं. पण त्यांना फक्त लाडकीचा पट्टी बांधलेला पाय दिसत होता, हवेत.

तेवढ्यात गौरा पुढं झाली. "दरसालचं हाय ना," ती कुणाला तरी म्हणाली, आणि पोश्याला लाडकीच्या मांडीत ठेवलं. लाडकीनं सवयीनं त्याला छातीशी धरलं.

दांडी डुलली. लाडकीची फळी खाली उतरू लागली, माणसांनी माना पुढं केल्या, फळी वीतभर खाली आली, थांबली, आणि परत वर गेली.

"अजून एखादं ठेवा की," मागून कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसली.

गुरुजींच्या डोक्यात आकडे आपोआप मांडले गेले. खोड जात नाही. नऊ कमी होते. चौदा महिन्यांच्या पोराला नऊ तरी हवेत. पोर मांडीत आहे आणि फळी अजून वर आहे. मग लाडकी ओटीवर काय सांगत होती ते त्यांना आत्ता, सगळ्यांदेखत, ऐकू आलं.

धोंडीबाईनं डोळे उघडले होते. ती फळीजवळ आली. लाडकीकडं तिनं बघितलं नाही. पोश्याचं मनगट दोन बोटांत धरलं. मग त्याचे केस बाजूला सारून बघितले, मुळाशी तांबूस झालेले. ते मनगट आणि ते केस तिच्या ओळखीचे होते. ब्याण्णवच्या भाद्रपदापासून.

"किती महिन्यांचं?"

"चौदा," गौरा म्हणाली.

"चौदा महिन्यांचं. आणि फळी वर." ती एवढंच म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

ती गुळाच्या बाजूला गेली. वाकली. वरची एक भेली उचलली.

"आये, आधी देवीला दाखवायचा असतो," ढवळू घाईनं म्हणाला.

"तिनं बघितलाय. चौदा सालं बघते ती." धोंडीबाईनं भेली गौराच्या पदरात टाकली. दुसरी उचलली, तीही टाकली. तिसरी उचलली तेव्हा गुळाची फळी जमिनीवरून सुटली, लाडकीची खाली आली, आणि दोन्ही समोरासमोर येऊन थांबल्या.

तीन भेल्या. म्हणजे पोर सहा किलोंचं.

"उतर," धोंडीबाई लाडकीला म्हणाली. "किती वेळ लोंबकळशील? पाय दुखंल."

बाकीचा गूळ दाखवला गेला, वाटला गेला. ढवळूनं मंत्र म्हटले, जरा कमीच म्हटले. लोक घरोघर गेले आणि दिवसभर पाड्यावर एकच वाद चालला, नवस फिटला की मोडला. सात घरं फिटला म्हणत होती, सहा मोडला. चौदाव्या घरात कुणी काही म्हणत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोश्याला घेऊन जव्हारच्या दवाखान्यात जायचं लाडकीनं आणि गौरानं परस्पर ठरवलं, आणि गुरुजींना नुसतं सांगितलं. पुनवेच्याच संध्याकाळी नीतानं सगळ्यांना एकसारखी ताटं वाढली आणि एक धोंडीबाईसमोर सरकवलं. कुणी तिच्याकडं बघत नव्हतं, म्हणजे सगळे बघत होते. तिनं भाकरीचे दोन तुकडे केले, एक खाल्ला, एक तसाच ठेवून उठली. गुरुजींना त्या अर्ध्या भाकरीचा अर्थ लावता आला नाही. वैशाखातली तारीख अजून महिन्याभरावर होती.

जव्हारहून परतल्याच्या दुसऱ्या सकाळी लाडकी कळशी घेऊन निघाली. टाचेला जाड फडकं बांधलं होतं. धोंडीबाईनं अडवलं नाही. ती उंबऱ्यावर येऊन बसली, वाटेकडं तोंड करून. ऊन पायरीवर आलं, मग तिच्या गुडघ्यांवर आलं. गुरुजी शाळेला निघाले तेव्हा ती तशीच होती.

"आये, आत बस. ऊन लागंल."

"जा तू."

ते गेले नाहीत. तेही पायरीवर बसले. चढावरून आधी बायांचं बोलणं ऐकू आलं, मग हंडे दिसले, एक, दोन, तीन. चौथा दिसायला वेळ लागला.

"बसली असंल," गुरुजी म्हणाले.

"चार वेळा बसते आता," धोंडीबाई म्हणाली. "पाचव्यांदा बसली तर बघून ये."